वैजू, तुझ्या शेवटच्या लोडशीटबद्दल

वैजू, तुझ्या शाळेतून फोन आला होता. शाळेच्या अंकात तुझ्यावर दोन पानं द्यायची आहेत, तुम्ही रोज बरोबर होतात, तुम्हीच लिहा, असं तिथल्या बाई म्हणाल्या. जन्म, शिक्षण, वैमानिक व्हायची जिद्द, मुलींनी त्यातून काय घ्यावं, असं सगळं त्यांनी ओळीने सांगितलं. मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. तुझं नाव लिहिलं, पुढे 'या' लिहिलं आणि हात थांबला. तुला 'या' म्हणायचं, 'होत्या' म्हणायचं, हे काही मला जमेना. तो कागद तसाच बाजूला ठेवला. हे जे लिहितेय ते शाळेच्या अंकात छापण्यासारखं नाही. हे तुलाच लिहितेय.

दीड महिना झाला. काउंटरची खिडकी अजून तशीच आहे, मी तिथे नाही. ते पुढे सांगते.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मला तू प्रवासी वाटली होतीस. खांद्याला बॅग, केसांचा घट्ट अंबाडा, आणि सरळ माझ्यासमोर येऊन तू विचारलंस, "लोडशीट कोण करतं इथे?"

"मी करते. तुम्ही?"

"मी वैजयंती. उद्यापासून तुमचं विमान मी चालवणार."

आपलं विमान म्हणजे नऊ प्रवाशांचं. एकच इंजिन, पुढे दोन वैमानिक, आणि शेपटीकडे सामानाचा एक कप्पा. प्रत्येक उड्डाणाआधी मी एक कागद करायचे. किती माणसं, कोण कुठे बसणार, किती सामान, कुठल्या कप्प्यात. त्यावरून एकूण वजन किती आणि विमान पुढे जड की मागे जड, हे कळायचं. त्यावर कॅप्टनची सही झाली की विमान सुटायचं. बारा वर्षं मी तो कागद करत होते आणि बारा वर्षांत एकाही कॅप्टनने मला तो कसा करता हे विचारलं नव्हतं. तू विचारलंस.

"माणसांचं वजन कुठून घेता?"

"ठरलेलं असतं. पुरुषाला एवढं, बाईला एवढं."

तू हसलीस. "म्हणजे माझे मामा आणि त्यांचा कॉलेजातला पोरगा एकाच वजनाचे?"

मला राग आला होता, खरं सांगते. मी म्हणाले, "नियम मी नाही केले."

तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी मखमलाबादहून, तुमच्या मळ्यातून, फुलं तोलायचा जुना काटा टेम्पोत टाकून घेऊन आलीस. सामान चढवणाऱ्या किसनभाऊंनी तो उतरवला आणि काउंटरशेजारी ठेवला. प्रवाशांची रांग लागली होती. कुणीच चढेना. विशेषतः बायका. तेव्हा तू स्वतः गणवेशात त्या काट्यावर उभी राहिलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बासष्ट किलो. बुटांसकट. आता तुमची पाळी. आकडा मोठ्याने कुणी वाचणार नाही, ताई लिहून घेतील फक्त." रांगेत नामपूरकडच्या एक आजी होत्या, मुलाकडे निघालेल्या. त्या पदर सावरत म्हणाल्या, "आमना नामपूरना बजारमा कांदानी गोनी अशीच तोलतस," आणि चढल्या. सगळी रांग हसली, आणि मग सगळे चढले.

त्या दिवशी मी तुझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

डबा खाताना तू मला समजावलं होतंस. तुझे वडील मोपेडवर झेंडूचे क्रेट मागे बांधून बाजारात यायचे. चढ आला की गाडीचं पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हातात असून नसल्यासारखं व्हायचं. म्हणून ते तुला पुढे उभी करायचे. "मी काय लाडाने पुढे नव्हते ताई, मी त्यांचं वजन होते," तू म्हणालीस. "विमानाचंही तेच. मागे जास्त झालं की नाक उचलतं. आणि नाक फार उचललं की पंखावरची हवा सुटते. मग हातात काही राहत नाही. मोपेडवरून माणूस उडी मारू शकतो, एवढाच फरक." माझ्या डब्यातली मेथीची भाजी तू सगळी संपवलीस आणि हे सांगितलंस. बारा वर्षांत मी जो कागद भरत होते त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

आणखी एक दिलंस तू मला. विमानतळावर इतकी वर्षं काढली पण मी कधी विमानात बसले नव्हते. भीती वाटायची, आणि ती कुणाला सांगायची लाज वाटायची. तुला कसं कळलं कोण जाणे. एका सोमवारी सुरतेच्या फेरीला चार जागा रिकाम्या होत्या. तू रीतसर माझं तिकीट काढलंस आणि मला म्हणालीस, "ताई, संध्याकाळच्या फेरीने परत. घरी भाजी निवडायला वेळेत पोचशील." मी पहिल्या रांगेत बसले. तुझी मान मला मागून दिसत होती. उठताना मी डोळे मिटले, आणि तू मागे न बघता म्हणालीस, "डोळे उघड, नाहीतर पैसे वाया." खाली द्राक्षांच्या बागा होत्या, ओळीच ओळी, वहीच्या पानासारख्या. गंगापूरचं धरण चमकत होतं. तू हाताने खूण केलीस, डावीकडे बघ म्हणून. मखमलाबाद होतं. त्यात एक पिवळा चौकोन. तुमचा झेंडू. माझ्या आयुष्यात मी स्वतःसाठी काही केलं असेल तर ती ती एक दुपार, आणि तीही तूच केलीस.

आता भांडणाचं.

त्या गृहस्थांचं नाव मी लिहीत नाही. ते नेहमीचे प्रवासी. त्यांनी काट्यावर चढायला नकार दिला. तू म्हणालीस, "मग मी नेणार नाही." त्यांनी आवाज चढवला, तू चढवला नाहीस. शेवटी ते चढले, आणि त्यांच्या दोन जड बॅगा तू उतरवल्यास, कारण मागच्या कप्प्याच्या वजनात त्या बसत नव्हत्या. तू विमान घेऊन गेलीस. त्या बॅगा सोडवायला त्यांचा माणूस आला, तो आणि फोनवरून ते स्वतः, असे अर्धा तास मला बोलले. काय काय बोलले ते मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्या वयाबद्दल, माझ्या पगाराबद्दल, माझ्या चेहऱ्याबद्दल. मी 'सॉरी सर' म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "शैलाताई, खरं सांगा, या काट्याचा प्रवाशांना त्रास होतो की नाही?"

मी म्हणाले, "होतो."

एवढंच म्हणाले मी. पण काटा उचलला गेला, हँगरच्या कोपऱ्यात गेला, आणि कागदावर पुन्हा ठरलेली वजनं आली. तुला ते कळलं तेव्हा तू काउंटरवर आलीस.

"ताई, तू माझ्याविरुद्ध सांगितलंस?"

"मी खरं ते सांगितलं. त्रास होतो."

"त्रास होतो म्हणून काढायचा?"

"तू वर निघून जातेस, वैजू. खाली शिव्या मी खाते."

"मी वर जाते म्हणूनच तर विचारते ना."

मी तुझ्याकडे बघितलं नाही. प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले. तू निघून गेलीस. त्यानंतर सहा दिवस आपण बोललो नाही. म्हणजे कामाचं बोललो. 'नऊ आहेत', 'ठीक', 'सही'. डबा तू को-पायलटच्या खोलीत खायला लागलीस. मी रोज ठरवत होते की उद्या बोलेन, आणि रोज वाटायचं, आधी तिने बोलावं, ती लहान आहे. तुला काय वाटत होतं? तू हट्टी होतीसच. मी तरी काय कमी होते?

त्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की डांबरावरून वाफा निघाल्यासारखी हवा हलत होती. नऊच्या नऊ जागा भरलेल्या. एका कंपनीचे पाहुणे दिंडोरीकडच्या बागा बघायला आले होते, तेच परत निघाले होते. धिप्पाड माणसं होती बरीचशी. मी ठरलेली वजनं टाकली. कागदावर सगळं बसत होतं, जेमतेम. मागच्या कप्प्यात आणखी फार काही बसणार नव्हतं.

एरवी कागद घेऊन मी स्वतः विमानापाशी यायचे. तू दारातून वाकून घ्यायचीस, काहीतरी बोलायचीस, 'आज भेंडी आहे का' असं काहीतरी. त्या दिवशी मी तो किसनभाऊंच्या हातात दिला. ते सही घेऊन आले. "मॅडम म्हनल्या, ताई कुटंय?" ते म्हणाले. मी कागद घेऊन फाईलला लावला.

पाहुणे बसले. आणि तेव्हा तो पिकअप आला. यजमानांनी पाहुण्यांसाठी द्राक्षं पाठवली होती. अठरा पेट्या, पाच-पाच किलोच्या. माझा फोन वाजला. मॅनेजरसाहेब. "घेऊन टाका, आपली नेहमीची मंडळी आहेत. परत पाठवलं तर बरं दिसणार नाही."

मी म्हणाले, "सर, शीट झालीय."

"नव्वद किलोने काय होतंय? आधीच उशीर झालाय."

वैजू, मला ठाऊक होतं काय होतं ते. तूच शिकवलं होतंस. नवीन कागद करायला दहा मिनिटं लागली असती. तुझ्यापाशी येऊन सांगायला दोन मिनिटं. तू पेट्या उतरवल्या असत्यास, पाहुणे कुरकुरले असते, पुन्हा मला फोन आले असते. आणि तुझ्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं. 'ताई, आता कळलं का काटा कशाला हवा होता' असं तू म्हणणार, असं मला वाटलं. तू म्हणाली नसतीस कदाचित. पण मला तसं वाटलं. मी किसनभाऊंना म्हणाले, "मागे टाका. पटकन."

ते जरा थांबले. "मॅडमला सांगू?"

"नको. मी बघते."

मी बघितलं नाही. मी काउंटरवर जाऊन बसले.

खिडकीतून दिसत होतं. विमान नेहमीपेक्षा लवकर उठलं, धावपट्टी अजून बरीच शिल्लक असताना. मला आधी वाटलं, छान उठलं. मग नाक वर जात राहिलं. जितकं जायला हवं त्याहून वर. शेपटीवर बसल्यासारखं ते हवेत टांगलं गेलं, आणि इंजिनाचा आवाज तसाच मोठा येत होता पण विमान पुढे जात नव्हतं. डावा पंख खाली कलला. मग नाक वळलं, खाली आलं, आणि झाडांच्या पलीकडे गेलं. धूर आला नाही. नुसती धूळ उठली. आणि आवाज, दार आपटल्यासारखा.

किसनभाऊ माझ्यापाशी धावत आले. "ताई, पेट्या…"

मी म्हणाले, "गप्प बसा."

तू आणि समीर, तुझा तो हसरा को-पायलट, आणि पुढच्या रांगेतले दोघं पाहुणे. मागचे सात जण वाचले, जखमी झाले. विमान द्राक्षबागेत पडलं होतं, तारांनी आणि खांबांनी त्याला बरंच अडवलं, म्हणून मागचा भाग शाबूत राहिला, असं म्हणतात. मी तिथे गेले. जाऊ नका असं मला कुणी सांगत होतं, तरी मी गेले. बागेची एप्रिलमधली छाटणी झालेली होती, नुसती बोडकी खोडं. आणि त्या बोडक्या बागेत सगळीकडे द्राक्षं पसरलेली. तिथे कामाला असलेली एक बाई पोलिसाला सांगत होती, "आमच्या बागंला आता एक मनी नाय साहेब. छाटून पंधरा दिस झाले. मंग एवढी द्राक्षं आली कुठनं?"

तपासाला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या द्राक्षांचे फोटो काढले. म्हणजे पेट्या होत्या हे लपणार नव्हतं. प्रश्न एकच उरला, त्या कुणाच्या परवानगीने गेल्या. मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कॅप्टनला विचारून चढवल्या असं सांगा. शेवटचा शब्द कॅप्टनचाच असतो. ती आता गेली. तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. तुमची मुलगी लग्नाची आहे."

मला विचार करायला वेळ मिळाला नव्हता, असंही नाही म्हणता येणार. एक पूर्ण रविवार दिला होता. सोमवारी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "वैमानिकाला या जादा पेट्यांची कल्पना होती?"

मी म्हणाले, "हो, होती."

मी हे म्हणाले, वैजू. तू गेल्याच्या पाचव्या दिवशी. माझ्या आवाजात, शुद्धीत.

दोन दिवसांत वर्तमानपत्रात आलं. जादा सामान ठाऊक असूनही महिला वैमानिकाने उड्डाण केलं. फोनवर त्या बातमीखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. बाईच्या हातात विमान, वगैरे. तुझी आई अशिक्षित नाही, वर्तमानपत्र रोज वाचते, तुला माहीत आहे. फूलबाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांनी तिला काय विचारलं असेल, मी कल्पना करायचे आणि मग कल्पना करायची नाही असं ठरवायचे. मी तिला भेटायला गेले नव्हते. तेराव्यालाही गेले नाही. ताप आहे असं कळवलं.

किसनभाऊ मात्र रोज कामावर येत आणि माझ्याकडे बघत नसत. घोटीकडचे ते, मान खाली घालून काम करणारे. एक दिवस त्यांनी माझ्या काउंटरसमोर उभं राहून एवढंच सांगितलं, "ताई, मला अजून बोलावलं नाय. बोलावलं तर म्या खोटं नाय बोलनार. मॅडमला काय बी म्हाईत नव्हतं. तुमी अन् म्या, दोघंच."

मी त्यांच्यावर चिडले. घरी जाऊन रडले. तरी मी गेले नाही खरं सांगायला. मी गेले ते तू बोलावलंस म्हणून.

विमानात आवाज टिपणारं यंत्र होतं. त्यात शेवटची काही मिनिटं होती, आणि तू समीरशी मराठीत बोलली होतीस. अधिकारी परप्रांतातले, माझ्याशी हिंदीतच बोलायचे. शब्द नीट कळत नव्हते. तुझा आवाज ओळखणारं आणि तुझं बोलणं समजणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांना वाटलं, मी तुझी मैत्रीण.

कानाला लावायचे ते जाड गोळे त्यांनी मला दिले. आधी नुसती घरघर. मग समीर. "मॅम, पुढचं चाक हलकं लागतंय का थोडं?" विमान अजून धावपट्टीकडे चाललं होतं, जमिनीवरच होतं.

तू म्हणालीस, "लागतंय जरा."

आणि मग तू, अगदी सहज, डबा उघडताना बोलायचीस तशी, "शीट बघितलीय मी. शैलाताईची आहे. ती चुकत नाही."

त्यांनी ते तिथेच थांबवलं. "शेवटचं वाक्य काय आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगू शकले नाही. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तू म्हणालीस. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं.

पुढचं त्यांनी मला ऐकवायला नको असं ठरवलं होतं. मीच मागितलं. फार नव्हतं. इंजिनाचा आवाज, आणि तू. तू ओरडत नव्हतीस. "नाक खाली… समीर, दाब, दोघं दाबू… मागे काय आहे? मागे काय टाकलंय?" एवढंच. त्यांनी नंतर मला सांगितलं की नाक खाली करायला जे जे करता येतं ते सगळं तू केलं होतंस, विमानाच्या अवशेषांतून ते कळलं. उन्हाने हवा विरळ झालेली, वजन जास्त, आणि ते सगळं मागे. इतक्या कमी उंचीवर तुला आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं. तरी शेवटच्या क्षणी नाक थोडं खाली आलं होतं. ते आलं नसतं तर विमान पाठीवर पडलं असतं आणि मागचे सात जणही राहिले नसते. हे ते अधिकारी फार शांतपणे सांगत होते, समोरच्या बाईने खोटी साक्ष दिली आहे हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून.

मी त्यांना सांगितलं. मग सगळंच सांगितलं. काटा, फोन, पिकअप, 'नको, मी बघते'. त्यांनी मला पाणी दिलं आणि नवा कागद घेतला. ते लिहीत होते आणि मी बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पण तुम्ही त्यांना जाऊन सांगितलं का नाही? दोन मिनिटांचं अंतर होतं."

मी म्हणाले, "आम्ही बोलत नव्हतो."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे यंत्रणेत काही बिघाड होता? वॉकीटॉकी?"

"नाही. आमचा अबोला होता."

त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग 'वैमानिकाला कळवण्यात आले नाही' असं लिहिलं, आणि मला सही करायला सांगितली.

किसनभाऊंनी तेच सांगितलं जे मी सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी फोन केलाच नव्हता म्हणून सांगितलं. मला कामावरून काढलं, ते ठीकच झालं. पोलिसांकडे काय व्हायचं ते होईल. वैमानिकाला जादा सामानाची माहिती नव्हती, हे तपासाच्या पहिल्या टिपणात आलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, चार ओळी. पहिल्या वेळी केवढा मथळा होता.

एक विचारू? रागावू नकोस. पुढचं चाक हलकं लागत होतं ना तुला? मग तू थांबली का नाहीस? दुसऱ्या कुणाची शीट असती तर थांबली असतीस, मला माहीत आहे. मळ्यातून काटा उचलून आणणारी बाई तू. माझ्यावर रागावली होतीस, माझ्याशी बोलत नव्हतीस, आणि माझ्या कागदावर मात्र तुझा एवढा विश्वास. असं कुणी करतं? रागावली होतीस तर पुरतं रागवायचं होतंस. हे भांडण मी तुझ्याशी रोज भांडते, भाकरी थापताना, रस्त्याने जाताना. त्यात दर वेळी तू गप्प असतेस आणि दर वेळी मी हरते.

तुझ्या आईकडे काल गेले. टिपण निघालं तरी मला तिच्या समोर स्वतः उभं राहायचं होतं. मळ्यात एकटीच होती, शेवंतीच्या रोपांना पाणी धरत होती. मला बघून तिने फावडं बांधावर टेकवलं. "ये," म्हणाली. "ताप उतरला का?"

मी बांधावरच बसले आणि सांगायला लागले. तिने मधे एकदाही अडवलं नाही. पाण्याने एक सरी भरली, तिने उठून फावड्याने बारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, पुन्हा येऊन बसली. मी पेट्यांचं सांगितलं, खोट्या साक्षीचं सांगितलं. तू यंत्रात काय बोललीस तेही सांगितलं, ते सांगू नये असं वाटत होतं तरी. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल, किंवा जवळ घेईल. दोन्हीची मी तयारी करून गेले होते.

तिने हातावरचा वाळलेला चिखल खरवडला. मग तिने विचारलं, "ती आठवडाभर घरी नीट जेवत नव्हती. मी इचारलं तर म्हनली, काय नाय आई, कामावर जरा बिनसलंय. तुमच्यात कशावरनं बिनसलं होतं?"

मी सांगितलं. काटा, तो माणूस, त्याचं मला बोलणं, माझं मॅनेजरना 'होतो' म्हणणं.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यावरनं?"

मी म्हणाले, "हो मावशी. एवढ्यावरनं."